कोट्याच्या वर, निरभ्र आकाशात

मी प्रवासी विमान चालवते. त्यामुळे लग्नात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, अगदी भाजी घेतानासुद्धा एक प्रश्न हमखास येतो. "टर्ब्युलन्समध्ये विमान पडतं का गं?" मी "नाही पडत, पण बेल्ट बांधून बसत जा" एवढं सांगून सुटते. उभ्या उभ्या यापेक्षा जास्त सांगता येत नाही. आमच्या एका फ्लाइटमध्ये जे घडलं ते सविस्तर लिहिलं, तर निदान चार लोक तरी बेल्ट मनापासून बांधतील, म्हणून लिहिते आहे.

फेब्रुवारीतली संध्याकाळची पुणे-दिल्ली फ्लाइट होती. एअरबस ए-३२०, जवळजवळ भरलेली. त्या खेपेला विमान माझ्या हातात होतं आणि रेडिओ सहवैमानिकाकडे. मुलगा तरुण, पण कामाला चोख.

पुण्याच्या लोहगाव विमानतळावर निघण्याआधी आम्ही नेहमीप्रमाणे हवामानाचे कागद पाहिले. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक वेगवान पट्टा वाहत असतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. उंची साधारण बारा किलोमीटर, म्हणजे आम्ही उडतो त्याच्याच आसपास. तिथे ताशी दोनशे किलोमीटरच्या वर वारा असणं ही नेहमीची गोष्ट. त्या दिवशी नकाशावर हा पट्टा राजस्थान आणि दिल्लीवरून गेलेला दिसत होता. शेजारी तुटक रेषांची चौकट होती. तिचा अर्थ, या भागात मध्यम हादरे बसू शकतात. हिवाळ्यात दिल्लीला जाताना अशी चौकट बहुतेक वेळा असतेच.

मी केबिनच्या मुख्य क्रूला सांगितलं, "इंदूर मागे पडलं की हादरे बसतील. चहा-कॉफी आधी आटपा." ती म्हणाली, "फुल फ्लाइट आहे कॅप्टन, बघते."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या विमानाच्या नाकात हवामानाचं रडार असतं. ते पावसाचे थेंब पाहतं. मे महिन्यात वळवाचे ढग चाळीस हजार फुटांच्या वर जातात, ते रडारवर लाल दिसतात आणि आम्ही वळसा घालून जातो. पण कोरड्या, मोकळ्या हवेत थेंबच नसतात. मग रडारचा पडदा काळाच राहतो. जेट स्ट्रीमच्या कडेला वरच्या थरातला वारा एका वेगानं आणि खालच्या थरातला दुसऱ्याच वेगानं वाहतो. थर एकमेकांवर घासतात, हवेत लाटा उठतात आणि समुद्राच्या लाटांसारख्या फुटतात. हे डोळ्यांना दिसत नाही आणि रडारलाही नाही. याला क्लिअर एअर टर्ब्युलन्स म्हणतात. आम्हाला कळतं ते हवामानाच्या अंदाजावरून, पुढच्या विमानानं रेडिओवर सांगितलं तर त्यावरून, आणि समोरच्या पडद्यावरचे वाऱ्याचे आणि तापमानाचे आकडे सरकायला लागले की त्यावरून.

इंदूरपर्यंत हवा एकदम शांत होती. उंची ३५ हजार फूट. चांदणं स्वच्छ, खाली गावांचे दिवे. आमच्या पुढे ३७ हजारांवर असलेल्या विमानानं दिल्ली कंट्रोलला "लाइट चॉप" एवढंच सांगितलं होतं. म्हणजे खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखं, काळजीचं काही नाही.

पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात वाऱ्याचा आकडा असतो. इंदूरला तो ८० नॉट, म्हणजे ताशी ८० सागरी मैल, होता. कोटा जवळ आलं तेव्हा ११०, आणि मग बघता बघता १३० झाला. त्याच वेळी बाहेरचं तापमान चार-पाच अंशांनी सरकलं. वारा आणि तापमान दोन्ही एकदम बदलतात तेव्हा आपण एका थरातून दुसऱ्या थरात शिरत असतो. मी सीटबेल्टचा दिवा लावला. वेग मॅक (ध्वनीच्या वेगाच्या पटीत) ०.७८ वरून ०.७६ वर आणायला घेतला. ए-३२० ला खराब हवेत हाच वेग सांगितलेला आहे. खांद्यांवरचे पट्टे ओढून लावले. सहवैमानिकानं माझ्याकडे बघून स्वतःचेही लावले.

पहिला धक्का लहानच होता. पण त्याचा बाज वेगळा होता. मी माइक उचलून "केबिन क्रू, बी सीटेड" म्हणायला लागले. वाक्य पुरं व्हायच्या आत मोठा धक्का आला.

आधी खालून कुणीतरी खुर्चीला लाथ घातल्यासारखं झालं. लगेच खुर्ची खाली निघून गेली आणि मी पट्ट्यांना लटकले. पायाखालच्या चटईतली धूळ, बिस्किटाचा एक तुकडा आणि पेनाचं टोपण माझ्या चेहऱ्यासमोर तरंगत होतं. पुढच्या क्षणाला ते सगळं खाली आपटलं आणि मान छातीत गेली. पडदे इतके थरथरत होते की आकडे वाचता येईनात. मागून किंकाळ्या ऐकू आल्या. बंद दारातून एरवी केबिनचा आवाज फारसा येत नाही.

आता हाताचं काम. अशा वेळी वैमानिकाला वाटतं, विमान खाली जातंय तर नाक वर ओढावं, वर जातंय तर दाबावं. नेमकं तेच करायचं नसतं. हवेच्या धक्क्यावर स्वतःच्या हाताचा धक्का चढवला की पंखांवरचा भार वाढतो, आणि वेगही हातातून जातो. नाक आणि पंख ढोबळमानानं सरळ राहिले की पुरे. उंची शे-दोनशे फूट इकडेतिकडे झाली तर होऊ द्यायची. ऑटोपायलट टिकून असेल तर त्याला काम करू द्यायचं. आमचा टिकला. मी फक्त साइडस्टिकच्या, म्हणजे विमान हाताळायच्या छोट्या दांडीच्या, बाजूला हात तयार ठेवून बसले. इतकं काही न करणं सोपं नसतं.

एक गोष्ट मात्र करावी लागली. वेगाचा बाण वर-खाली उड्या मारत होता. एकदा ०.८१ पर्यंत गेला. ए-३२० ची कमाल मर्यादा ०.८२. पस्तीस हजार फुटांवर हवा विरळ असते. तिथे फार वेगात जाणं आणि फार हळू जाणं यांच्यातली जागा कमी असते. इंजिनांची ताकद आपोआप कमी-जास्त करणारा ऑटोथ्रस्ट प्रत्येक उडीमागे धावत होता. इंजिनं एकदा गरजायची, एकदा गप्प व्हायची. मी ऑटोथ्रस्ट काढला आणि तक्त्यात दिलेल्या आकड्यावर इंजिनं स्थिर ठेवली. लगेच निम्मा गोंधळ कमी झाला.

उंचीची घंटा वाजली. आम्ही साधारण तीनशे फूट वर गेलो होतो. २९ हजार ते ४१ हजार फुटांच्या पट्ट्यात वर-खालच्या विमानांत हजारच फुटांचं अंतर ठेवलेलं असतं. आणि समोरून ३६ हजारांवर दक्षिणेकडे जाणारं एक विमान येत होतं. आमच्या पडद्यावर त्याचा हिऱ्याच्या आकाराचा ठिपका दिसत होता. त्या संध्याकाळी मला भीती कधी वाटली असं कुणी विचारलं, तर तो ठिपका बघताना. हादऱ्यांची तेवढी वाटली नव्हती.

सहवैमानिकानं न सांगता दिल्ली कंट्रोलला कळवलं. सिव्हिअर टर्ब्युलन्स, उंची राखता येत नाही, खाली यायचंय. कंट्रोलरचा आवाज शांत होता. त्यानं समोरच्या विमानाला उजवीकडे वळवलं, आम्हाला आधी ३३ आणि मग ३१ हजार फूट दिलं. मी हळूहळू खाली आणलं. ३१ हजारांवर वारा कमी होता आणि हवा एकदम गुळगुळीत. जणू काही घडलंच नाही.

मग इंटरकॉम वाजला. मुख्य क्रू धापा टाकत होती, पण एकेक गोष्ट क्रमानं सांगत होती. तिघांना बरंच लागलं होतं. मागच्या गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, गरम पाण्याचं भांडं खाली ठेवायला वाकलेली क्रूमधली एक मुलगी छताला आपटून पायावर पडली होती. घोटा बहुतेक मोडला होता. टॉयलेटमधून बाहेर पडणारे एक काका डोक्यावर आपटले होते, रक्त येत होतं. तिसऱ्या एक बाई. दिवा लागलेला पाहूनही त्या वरच्या कप्प्यातली बॅग काढायला उठल्या होत्या. खांदा निखळला असावा. शिवाय उडालेला लॅपटॉप लागून एकाच्या भुवईवर खोक पडली होती. दोन रांगांतले ऑक्सिजन मास्क धक्क्यानं खाली लोंबत होते. ते बघून लोकांना वाटलं की केबिनमधली हवाच गेली.

ट्रॉलीवर दोघी जणी होत्या. माइकवरचं अर्धं वाक्य ऐकताच एकीनं चहाचा थर्मास खाली जमिनीवर ठेवला आणि ट्रॉलीचा ब्रेक पायानं दाबला. दोघी जागच्या जागी खाली बसल्या. शेजारच्या सीटवरच्या एका आजोबांनी एकीचा दंड घट्ट धरून ठेवला होता. ट्रॉली थोडी उचलली गेली, पण उलटली नाही. थर्मास वर असता तर भाजलेल्यांची गणती वेगळीच झाली असती. आईच्या मांडीवर एक बाळ होतं. आईच्या बेल्टला जोडलेला छोटा बेल्ट त्याच्या पोटाला लावलेला होता. बाळाला खरचटलंसुद्धा नाही.

मी अनाउन्समेंट केली. इंग्रजीत, हिंदीत आणि पुण्याची फ्लाइट म्हणून मराठीतही. विमान ठीक आहे, केबिनमधला दाब ठीक आहे, मास्क धक्क्यानं पडलेत, ते लावायची गरज नाही. बेल्ट बांधून बसा. कुणी डॉक्टर असेल तर क्रूला सांगा. बोलताना आवाज मला माझा वाटत नव्हता. नंतर सहवैमानिक म्हणाला, नेहमीसारखाच होता.

डॉक्टर मिळाल्या. एका भूलतज्ज्ञ बाईंनी तिघांनाही पाहिलं. काका शुद्धीवर होते, प्रश्नांची उत्तरं नीट देत होते, उलटी नव्हती. आता प्रश्न होता, जयपूरला उतरायचं की दिल्लीला जायचं. जयपूर जवळ होतं. पण खाली उतरून धावपट्टीला लागेपर्यंत वाचणारा वेळ फारसा नव्हता, आणि दिल्लीत उपचारांची सोय मोठी. डॉक्टर म्हणाल्या, तब्येत अशीच राहिली तर दिल्ली चालेल, काही बदललं तर लगेच सांगते. आम्ही दिल्ली ठरवलं. कंट्रोलला "पॅन-पॅन" दिलं. "मे-डे"च्या एक पायरी खालचा हा इशारा. सरळ मार्ग मिळाला, उतरायला पहिला नंबर मिळाला आणि खाली ॲम्ब्युलन्स तयार ठेवायला सांगता आलं.

एक बाब बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. केबिन क्रू जखमी झाली की मागचं एक दार वाऱ्यावर पडतं. उतरताना काही झालं तर ते उघडायला माणूस हवा. मुख्य क्रूनं जागा बदलल्या. मागच्या दोन्ही दारांची जबाबदारी एकीकडे दिली, आणि शेवटच्या रांगेत सैन्यातल्या एका तरुणाला बसवून दार कधी आणि कसं उघडायचं ते त्याला समजावलं. जखमी मुलीला सीटवर बसवून पाय उशीवर बांधला. हे सगळं तिनं दहा-बारा मिनिटांत उरकलं. मी तोवर ऑटोथ्रस्ट परत जोडून बघितला, सगळं ठीक होतं.

लँडिंग साधं झालं. ॲम्ब्युलन्सवाले आधी चढले, बाकीचे नंतर उतरले. मी दारात उभी होते. एका गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, पाच हजार फूट पडलो ना आपण?" मी म्हटलं, "नाही हो, काही शे फूट." त्यांचा विश्वास बसला नाही.

पुढचे दोन-तीन तास कागदांचे. नियमाप्रमाणे आम्हा दोघांची श्वासचाचणी झाली. कॉकपिटमधला आवाज टिपणारा रेकॉर्डर मर्यादित तासांचंच बोलणं ठेवतो, त्यावर नवं काही चढू नये म्हणून त्याचा सर्किट ब्रेकर ओढून तो बंद केला. टेक्निकल लॉगमध्ये "सिव्हिअर टर्ब्युलन्स" असं लिहिलं. हे दोन शब्द लिहिले की इंजिनिअरांनी पूर्ण तपासणी केल्याशिवाय ते विमान उडत नाही. केबिनमध्ये जाऊन मी मागच्या गॅलीचं छत पाहिलं. पॅनलला खोलगट खड्डा पडला होता आणि त्यात दोन लांब केस अडकले होते. मग हॉटेलच्या गाडीत बसले तेव्हा हात थरथरायला लागले. तोवर थरथरले नव्हते.

विमानाला काही झालं नव्हतं. प्रवासी विमानाची रचना उड्डाणात गुरुत्वाकर्षणाच्या अडीचपट भार येईल असं धरून केलेली असते, आणि त्या भाराच्या दीडपट सोसेल एवढी ताकद ठेवावी लागते. पंख वाकतात, वाकायलाच केलेले असतात. डेटा वाचला तेव्हा कळलं, सगळ्यात वाईट भाग मिनिटभरही चालला नव्हता. केबिनमध्ये कुणालाही विचारा, तो दहा मिनिटं सांगेल.

त्या गृहस्थांचा पाच हजार फुटांचा प्रश्न मला नंतर वेगळ्या कारणानं आठवला. २१ मे २०२४ ला लंडनहून सिंगापूरला जाणारं सिंगापूर एअरलाइन्सचं बोइंग ७७७ म्यानमारवर ३७ हजार फुटांवर तीव्र टर्ब्युलन्समध्ये सापडलं. ते बँकॉकला उतरवावं लागलं. एका ७३ वर्षांच्या प्रवाशाचा मृत्यू झाला, कितीतरी जण जखमी झाले. काहीजणांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. सिंगापूरच्या तपास यंत्रणेनं काही दिवसांत प्राथमिक आकडे दिले. विमानावरचा भार, गुरुत्वाकर्षणाच्या पटीत, ०.६ सेकंदात अधिक १.३५ वरून उणे १.५ वर गेला. पुढच्या चार सेकंदांत पुन्हा अधिक १.५ वर. आणि विमान किती खाली आलं? १७८ फूट. म्हणजे जेमतेम पंधरा-सोळा मजली इमारतीएवढं.

यात सगळं आलं. विमान किती खाली गेलं यानं माणसाला लागत नाही. विमान खाली गेलं आणि माणूस त्याच्याबरोबर गेला नाही, यानं लागतं. तो तिथेच हवेत राहतो आणि छत त्याच्याकडे येतं. मग विमान वर येतं, आणि तो खाली पडत असताना जमीन त्याच्याकडे येते. बेल्ट बांधलेला माणूस विमानाबरोबर जातो. त्याला मळमळेल, तो घाबरेल, पण त्याचं डोकं छताला लागणार नाही. त्याच तपासात दिसलं की बेल्टचा दिवा लावल्याचं वैमानिक म्हणाला आणि साधारण आठ सेकंदांत तो भार उलटला. आठ सेकंदांत मोबाइल खिशात ठेवून बेल्टचं टोक शोधेपर्यंत वेळ संपतो.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं २००९ ते २०१८ या काळातले मोठ्या विमान कंपन्यांचे अपघात तपासले. त्यातले एक तृतीयांशाहून जास्त टर्ब्युलन्सचे होते. बहुतेकांत विमानाचं काही बिघडलं नव्हतं, माणसांना लागलं होतं. गंभीर जखमींत बहुतेक केबिन क्रू होते, कारण ते उभे असतात. इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की उत्तर अटलांटिकवरच्या एखाद्या सर्वसाधारण ठिकाणी तीव्र क्लिअर एअर टर्ब्युलन्सचा वर्षातला काळ १९७९ ते २०२० मध्ये ५५ टक्क्यांनी वाढला. हवा तापते तशी जेट स्ट्रीममधली ही थरांची घासाघीस वाढते, असं ते म्हणतात. तेव्हा हे प्रकार कमी होण्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

आमच्या त्या मुलीचा घोटा बरा झाला, पण वेळ लागला. मी तिला भेटायला गेले तेव्हा ती म्हणाली, "लोक मला विचारतात, तुला भीती वाटते का. मला त्या बॅग काढायला उठलेल्या बाईंचा राग येतो." ती आता परत उडते. मला विचाराल तर वाऱ्याचा आकडा चढायला लागला की मी अजूनही जरा लवकरच दिवा लावते. कधीकधी त्यानंतर काहीच होत नाही आणि सहवैमानिक गालात हसतात. हसू देत.

आता तुमच्यासाठी. दिवा विझला तरी सीटवर आहात तोवर बेल्ट लावलेलाच ठेवा. पोटावर नको, कमरेच्या हाडांवर हवा, आणि आत जेमतेम दोन बोटं जातील एवढा घट्ट. झोपणार असाल तर शाल किंवा ब्लँकेटच्या वरून बांधा, म्हणजे क्रूला तो दिसतो आणि तुम्हाला उठवावं लागत नाही. बाळ मांडीवर असेल तर त्याचा छोटा बेल्ट मागून घ्या. नुसत्या हातांनी धरलेलं बाळ अशा धक्क्यात हातात राहत नाही. टॉयलेटला जायचं तर हवा शांत असताना जाऊन या. दिवा लागल्यावर रांगेत उभे असाल तर जवळच्या रिकाम्या सीटवर बसा. तेही जमत नसेल तर खाली बसा आणि सीटचा पाय धरा. लॅपटॉप आणि गरम चहा एकाच वेळी ट्रेवर ठेवू नका. क्रूनं सर्व्हिस मध्येच थांबवली तर चहासाठी हुज्जत घालू नका, त्यांनाही बसायचं असतं.